मोटारीनं फोन कट केला

“इल्या, गुलाबजामाचं पातेलं तरंगाया लागलंय! मोटार बंद कर!”

माझा थोरला भाऊ फोनवर असं ओरडला, तेव्हा मी केंद्रातल्या छत्तीस शिक्षकांना तंत्रज्ञानामुळं माणसाचा वेळ कसा वाचतो ते समजावून सांगत होतो.

फोन माझ्या हातात होता, पण त्याचा पडदा शाळेच्या टीव्हीला जोडलेला होता आणि आवाजही टीव्हीतूनच येत होता. (लोकवर्गणीतून घेतलेला टीव्ही. वर्गात त्यावर कविता लावली की पलीकडच्या उसातले बगळे उडतात.) त्यामुळं दादाचं ते वाक्य छत्तीस शिक्षक, एक केंद्रप्रमुख आणि मागं खिचडी ढवळणाऱ्या मावशी अशा सगळ्यांनी एकाच वेळी, सारख्याच स्पष्टपणे ऐकलं.

केंद्रप्रमुख साहेबांनी चष्मा पुसला. “विलासराव, हा प्रात्यक्षिकाचाच भाग आहे का?”

“होय सर,” मी म्हणालो. खोटं बोलायचं तर ताबडतोब बोलावं, हा माझा अनुभव आहे.

पातेलं का तरंगत होतं हे सांगण्याआधी मी किती हुशार आहे ते सांगावं लागेल. विषय मोठा आहे, थोडक्यात आवरतो.

मी तंत्रस्नेही शिक्षक आहे. ही पदवी मला कुठल्या विद्यापीठानं दिलेली नाही, एका केबलनं दिली. कधीकाळी केंद्राच्या शिक्षण परिषदेत टीव्ही लागेना. चार मुख्याध्यापकांनी त्याच्या पाठीवर थापा मारून झाल्या होत्या. मी पुढं गेलो, बाहेर आलेली पिन आत खोचली आणि टीव्ही लागला. टाळ्या झाल्या. त्या दिवसापासून अंथुर्ण्याच्या आसपास कुठल्याही शाळेत काही बंद पडलं की मला फोन. “सर, लिंक उघडंना.” “सर, ओटीपी बायकोच्या फोनवर गेला आणि बायको माहेरी गेलीय.” “सर, मुलांची नावं भरली, सगळी मुलं मुली झाली.” एकदा तर पंखा बंद पडला म्हणून फोन आला. मी गेलो. प्रतिष्ठेचा प्रश्न होता.

तशी माझी साधनं कामाचीही आहेत, नाही असं नाही. फॉर्मवर चाचणी घेतो, गुण आपोआप मिळतात. बोललेलं टाईप करणारं ॲप आहे, त्यामुळं वार्षिक नियोजन मी मोटारसायकलवर बसून करतो. (त्यात मधेच ‘ए बाजूला घे की म्हस’ असं एक उद्दिष्ट आलं होतं. कुणाच्या लक्षात आलं नाही. वरपर्यंत मंजूर झालं.) अडचण एकच, रेंज. आमच्या वस्तीशाळेत रेंज दोनच ठिकाणी येते. एक हापशापाशी, आणि दुसरी चौथीच्या खिडकीत, तीसुद्धा डावा हात गजाबाहेर काढला तर. रस्त्यानं जाणाऱ्या ऊसतोडीच्या गाड्या मला परत हात करून जातात.

त्या वर्षी मी एक नवीन साधन शोधून काढलं होतं. सकाळी हजेरी घ्यायची, गैरहजर पोरांच्या नावावर टिचकी मारायची, की पालकांना आपोआप फोन जाणार. फोनवर आवाज आपला, नंबर आपला, कष्ट मात्र यंत्राचे. पालकानं फोन कट केला तर पाच मिनिटांनी पुन्हा, मग परत पाच मिनिटांनी, असा तीनदा. हातात कोयता असलेला बापसुद्धा तिसऱ्या वेळेला उचलतोच.

त्यासाठीचा निरोप मी घरी कपाटाच्या आत तोंड घालून रेकॉर्ड केला. (आवाज घुमतो.) “नमस्कार. आपला पाल्य आज गैरहजर आहे. कारण ताबडतोब कळवावे. अन्यथा पुढील परिणामांस पालक जबाबदार राहतील.”

बायको, सुनंदा, भाजी निवडत होती. ती म्हणाली, “अहो, हे धमकी दिल्यासारखं वाटतंय.”

“जरब लागते.”

“कुणीतरी पोरगं उचलून नेलंय असं वाटतंय.”

मी लक्ष दिलं नाही. तंत्रज्ञानातलं तिला कळत नाही, असं मी तेव्हा समजत होतो.

आता मोटार. आमचं घर निरवांगीला, नदीच्या अंगाला. विहीर घरापासून लांब, मधे ऊस. पूर्वी मोटार चालू करायला दादा चालत जायचा, आणि तिथं पोचेपर्यंत लाईट जायची. मग मी स्वतः लक्ष घालून मोटारीला मोबाईल स्टार्टर बसवला. पेटीत सिमकार्ड असतं. आपण घरबसल्या मोटारीला फोन लावायचा. एकदा रिंग गेली की ती फोन कट करते आणि चालू होते. पुन्हा रिंग दिली की पुन्हा कट करते आणि बंद होते. आणि कुणी चालू केली त्याचा मेसेज घरात सगळ्यांना जातो. तिच्यात नंबर तीनच: माझा, दादाचा आणि आबांचा, म्हणजे आमच्या वडिलांचा.

आबा पहिल्या दिवशी म्हणाले होते, “आन् ही बिघाडली तर हातानं बंद कशी करायची?”

“आबा, आता हाताचा काय संबंध?” असं म्हणून मी पेटीला कुलूप लावलं आणि किल्ली माझ्या मोटारसायकलच्या किल्लीला अडकवली. कुणी हात घालू नये म्हणून.

तर असा सगळा हुशारीचा साठा झाला होता. फक्त तो पेटायला एक दिवस हवा होता. तो दिवस म्हणजे माझ्या पुतणीचा, पल्लवीचा, साखरपुडा.

पल्लवी बारामतीच्या एका दवाखान्यात नर्स आहे. मुलगाही तिथंच ब्रदर आहे, राहुल. दोघांनी आधीच ठरवलं होतं आणि मग आम्हाला ‘बघायला’ लावलं होतं. आम्ही पण बघितल्यासारखं केलं. मुलगा मऊ होता. कडक होते ते त्याचे वडील. लोणी भापकरचे निवृत्त मुख्याध्यापक, सगळे त्यांना गुरुजी म्हणतात. उभ्या नोकरीत शाळेची घंटा त्यांच्यासाठी थांबली नाही, ते घंटेसाठी थांबले. पहिल्या बैठकीलाच, पल्लवीच्या बारामतीच्या खोलीवर, आम्ही दहा मिनिटं उशिरा पोचलो, तर म्हणाले, “या. आमी आत्ता उठणारच हुतो.” नातं जमलं ते पल्लवीच्या चहामुळं आणि माझ्या गोड बोलण्यामुळं. (चहामुळं जास्त, असं घरचे म्हणतात.) तेव्हापासून पल्लवीला एकच धास्ती. आपल्या माणसांनी गुरुजींसमोर काहीतरी घोळ घालावा आणि त्यांनी उठून चालू लागावं.

आणि नेमकी त्याच दिवशी शिक्षण परिषद, तीही अंथुर्ण्याच्या मोठ्या शाळेत, जिथं रेंज भरपूर. केंद्रप्रमुख साहेबांनी फोन केला, “विलासराव, तुमचं ते फोनचं साधन सगळ्यांना दाखवा. तुमच्याशिवाय कोण आहे?” हे वाक्य वाईट. ‘तुमच्याशिवाय कोण आहे’ म्हटलं की मी पेटत्या घरातसुद्धा जाईन.

पल्लवी म्हणाली, “काका, अकराला बुद्धवंदना हाय. गुरुजी अकरा म्हणजे अकरा म्हणत्यात. तुमी न्हाय आला तर ते विचारतील.”

“दहाला प्रात्यक्षिक. साडेदहाला निघतो. पावणेअकराला मांडवात.”

“काका.”

“अगं, तंत्रज्ञान आहे. वेळ वाचतो.”

प्रात्यक्षिक दहाला होतं, पण त्याआधी साहेबांचं प्रास्ताविक होतं. ते नऊला सुरू झालं आणि पावणेअकरापर्यंत प्रास्ताविकच राहिलं. मला बोलावलं तेव्हा अकराला पाच मिनिटं कमी होती. मी मनात म्हटलं, झटक्यात दाखवू आणि सुटू. ‘झटक्यात’ या शब्दानं आजवर जेवढी माणसं खड्ड्यात घातलीत, तेवढी दारूनंसुद्धा घातली नसतील.

टीव्हीवर माझ्या फोनचा पडदा आला. चौथीची यादी उघडली. गैरहजर दोनच पोरं. छत्तीस शिक्षकांसमोर दोन फोन म्हणजे लग्नात दोन अक्षता. खाली एक बटण होतं, ‘सर्व’. मला वाटलं, सर्व म्हणजे सगळी चौथी. पण ते ॲप टाकताना त्यानं एकामागोमाग परवानग्या मागितल्या होत्या आणि मी प्रत्येकीला होय म्हटलं होतं. (आमच्या खात्यात आम्हाला परवानगी मागणारं कुणी भेटतच नाही. माणूस हुरळून जातो.) त्यामुळं ‘सर्व’ म्हणजे माझ्या फोनमधले सर्व. सहाशे बारा.

मी दाबलं.

पहिल्यांदा एक फोन वाजला. मग दुसरा. मग खोलीतले छत्तीसच्या छत्तीस. भजनाला लागल्यासारखे सगळ्यांनी फोन कानाला लावले आणि प्रत्येक कानातून माझा कपाटातला आवाज बाहेर आला. “आपला पाल्य आज गैरहजर आहे.”

“माझी पोरगी तर पुण्याला हाय,” एक बाई घाबरून म्हणाल्या. “काय झालं तिला?”

“मला तर मूलच नाही,” एक नवीन सर म्हणाले. “लग्न ठरतंय.”

केंद्रप्रमुख साहेबांनी निरोप पूर्ण ऐकला, शांतपणे फोन खाली ठेवला. “माझा मुलगा जर्मनीत असतो,” ते म्हणाले. “गैरहजर आहे हे खरं आहे हो. दोन दिवाळ्या झाल्या.”

मी थांबवायचं बटण शोधत होतो. टीव्हीवर नावं सरकत होती आणि आमचे सगळे सहकारी पुढं वाकून मोठ्यानं वाचत होते. (शिक्षकांना पडद्यावर अक्षर दिसलं की वाचल्याशिवाय राहवत नाही.)

“आचारी, फोन उचलला.”

“गॅसवाला, फोन उचलला.”

“सासरे नवीन नंबर, फोन उचलला.”

“मोटार, फोन कट केला. पाच मिनिटांनी पुन्हा प्रयत्न.”

साहेबांनी भुवई वर केली. “हा मोटार कोण पालक? आडनाव आहे की काय? शिक्षकांचा फोन कट करतो म्हणजे काय? विलासराव, तिथं गृहभेट द्या.”

“देतो सर,” मी म्हणालो. माझ्या डोक्यात अजून उजेड पडला नव्हता. मी उलट छाती पुढं काढून सुरू केलं, “तर मित्रहो, बघा, एका टिचकीत किती वेळ वाचला...” आणि तेवढ्यात दादाचा फोन आला.

आता त्या वेळी मांडवात काय चाललं होतं ते ऐका. हे मला सुनंदानं नंतर सांगितलं. अजूनही सांगते.

मांडव दारापुढच्या तुकड्यात होता. तिथला ऊस तुटून गेला होता, दादानं रान सपाट करून घेतलं होतं. आदल्या दिवशी धुरळा बसावा म्हणून त्यानं पाईपलाईनचा वॉल्व उघडून थोडं पाणी मारलं, मधेच लाईट गेली आणि वॉल्व तसाच उघडा राहिला. गुरुजी पंचवीस माणसं घेऊन पावणेअकरालाच हजर. नवरदेव मात्र आला नव्हता. रात्रपाळी संपवून थेट यायचा होता, आणि बदलीचा माणूस उशिरा आला होता. गुरुजी दर दोन मिनिटांनी घड्याळ बघत होते आणि कुणी विचारायच्या आत सांगत होते, “येतोय. ड्यूटी हाय त्याची.” शेवटी म्हणाले, “वेळ म्हंजी वेळ. वंदना सुरू करा. पोरगं तवर पोचंल.”

सगळे उठून उभे राहिले. हात जोडले. मेणबत्त्या लावल्या. बौद्धाचार्यांनी धीरगंभीर आवाजात सुरुवात केली. अख्खा मांडव असा शांत की पलीकडच्या गोठ्यातली शेरडीसुद्धा रवंथ करायची थांबली.

आणि चाळीस फोन वाजले.

कुणी खिशात कोंबला, कुणी कट केला, कुणी गडबडीत उचलून चुकून स्पीकर लावला. मांडवाच्या चारी कोपऱ्यांतून माझा आवाज घुमला, “नमस्कार. आपला पाल्य आज गैरहजर आहे.” बौद्धाचार्यांचाही फोन वाजला. त्यांनी डोळे मिटले आणि वंदना तशीच पुढं नेली. त्या माणसाला माझा आजही दंडवत आहे.

गुरुजींनी मात्र फोन कानाला लावला होता. पोरगं कुठवर आलं ते सांगायला फोन असेल, असं त्यांना वाटलं. नंबर बघितला तर मुलीच्या काकाचा. ऐकलं तर, आपला पाल्य गैरहजर आहे, कारण ताबडतोब कळवावे, अन्यथा पुढील परिणामांस पालक जबाबदार राहतील.

वंदना संपेपर्यंत ते फोन मुठीत धरून उभे राहिले. संपल्यावर आबांकडं वळले.

“आबा, तुमच्या मास्तरनं मला नोटीस दिली.”

“न्हाय वो पाव्हणं. तसा न्हाय त्यो. यडा हाय, पण तसा न्हाय.”

“माझा पोरगा आजारी माणसांची सेवा करून येतोय, आन् मला कारण विचारत्यात. परिणाम म्हणत्यात. उठा रं सगळी. गाडीत बसा.”

पल्लवी आतून दारापर्यंत आली होती. तिनं हे ऐकलं आणि भिंतीला टेकली. सुनंदा म्हणते, पोरगी रडली नाही, नुसती म्हणाली, “काकी, काकांनी केलं ना.” विचारलंसुद्धा नाही, सांगितलं.

पंचवीस माणसं गाड्यांकडं निघाली. आणि तेवढ्यात मांडवात पाणी आलं.

किती आलं याबद्दल घरात एकमत नाही. सुनंदा म्हणते घोट्याएवढं. मी म्हणतो गुडघ्याएवढं. दादा सांगतो तेव्हा कमरेएवढं असतं आणि दरवर्षी वर चढतं. पातेलं तरंगलं हे मात्र सगळ्यांना मान्य आहे. आचाऱ्यानं चुलीजवळ जमिनीवर ठेवलेलं ते पातेलं डुलत डुलत पाहुण्यांच्या खुर्च्यांकडं निघालं. पंगत बसायच्या आधीच वाढप सुरू झालं. आणि घरातल्या सगळ्यांच्या फोनवर मेसेज आला: ‘विलास यांनी मोटार चालू केली.’

म्हणून दादा ओरडत होता. माझ्यावरच ओरडत होता.

आता माझ्या डोक्यात उजेड पडला, तोही थ्री फेज. मी झटक्यात (बघा!) मोटारीला फोन लावला. मोटार बंद झाली. पण त्याच क्षणी आबांनी, आमच्या दोघांवरही विश्वास नसल्यामुळं, स्वतः फोन लावला. मोटार चालू झाली. ते बघून दादानं लावला. बंद झाली. दादा सुस्कारा टाकतोय तोवर पाच मिनिटं झाली आणि यंत्राचा दुसरा प्रयत्न गेला. मोटार चालू झाली. आणि मांडवात ज्यांनी ज्यांनी कट केला होता, त्या सगळ्यांचे फोन पुन्हा वाजले.

टीव्हीवर ओळ आली. “मोटार, फोन पुन्हा कट केला,” छत्तीस जणांनी वाचली.

“फारच बेफिकीर पालक,” साहेब म्हणाले.

“सर, मी गृहभेट देऊन येतो,” मी म्हणालो आणि खिडकीतून उडी मारावी तसा दारातून पळालो.

पेटीची किल्ली माझ्या खिशात होती. अंथुर्ण्याकडनं निरवांगीला मी किती वेळात पोचलो ते सांगत नाही, कारण पोलीसही वाचत असतील. थेट विहिरीवर गेलो. बघतो तर मोटार बंद! यंत्राचा तिसरा प्रयत्न जाऊन गेला होता. ज्यानं सुरू केली त्यानंच बंद केली होती. काम संपलं होतं. शहाण्या माणसानं तिथून मागं फिरायला हवं होतं.

पण मी शिक्षक. खात्री केल्याशिवाय पुढं जात नाही. खात्री म्हणून मी एकदा फोन लावला.

मोटार चालू झाली.

मग मात्र मी हातानं पेटी उघडली, हातानं फ्यूज काढले आणि हातानंच कपाळ बडवून घेतलं. आबांना हाताचा संबंध विचारला होता, तो असा.

मांडवात आलो तेव्हा पाहुणे गेले असतील अशी माझी खात्री होती. बघतो तर सगळे तिथंच. जाणार कसे? आमच्याकडची काळी जमीन. पाणी लागलं की ती माणसाची चप्पल ठेवून घेते, तर गाड्यांचं काय? गुरुजींच्या दोन्ही गाड्यांची चाकं निम्मी खाली गेली होती. रागानं गाडीत बसलेली पंचवीस माणसं रागानंच उतरून पुन्हा खुर्च्यांवर पाय वर घेऊन बसली होती. मधे पाणी, पाण्यात झेंडूची फुलं, आणि एका खुर्चीजवळ येऊन थांबलेलं पातेलं.

आणि पाण्यातनं, बूट हातात घेऊन, पँट दुमडून, डोळे लाल झालेला राहुल येत होता. नवरदेव हजर झाला होता.

गुरुजींनी त्याच्याकडं बघितलं नाही. माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, शाळा तपासणीला साहेब आलेत.

“सर, तुमी मला कारण विचारलं व्हतं.”

“गुरुजी, ते मी नाही, ते यंत्र...”

“आवाज कुणाचा?”

“माझा.”

“नंबर?”

“माझाच.”

“माझा पोरगा ड्यूटीवर व्हता. पोरीचा काका अकराच्या वंदनेला कुठं व्हता?”

मी चिखलात उभा होतो. खोटं ताबडतोब बोलावं हा माझा अनुभव मी वर सांगितलाच आहे. पण समोर पल्लवी दिसत होती. हिरव्या साडीचा काठ हातात धरून, मी आता काय बोलतो याची वाट बघत. मी म्हणालो, “गुरुजी, मी छत्तीस माणसांना वेळ कसा वाचवायचा ते शिकवत होतो.”

कुणीच हसलं नाही. पाणीसुद्धा हललं नाही.

मग राहुल म्हणाला, “पप्पा, मला पण फोन आला व्हता सरांचा. माझा पाल्य गैरहजर हाय म्हणं. मी म्हणलं, आधी साखरपुडा तर हू द्या.”

गुरुजींच्या मिशीचा डावा कोपरा हलला. सुनंदा म्हणते उजवा. हलला हे नक्की. पल्लवीनं तोंडाला पदर लावला आणि आबा तर उघडच हसायला लागले. मग मांडवातला प्रत्येकजण आपल्याला काय निरोप आला ते सांगायला लागला. आचारी म्हणाला, “मी तर दोन पोरांना घरी पळवलं बघायला.” ऐंशीच्या पुढच्या एका आत्याबाई म्हणाल्या, “माझा पाल्य हितंच हाय की, खुर्चीवर पाय घिऊन बसलाय मेला,” आणि साठीच्या मुलाकडं बोट दाखवलं.

पण अंगठ्या घालायच्या कुठं? कोरडी जागाच नव्हती. दादानं गोठ्यामागनं ट्रॅक्टर काढला, ट्रॉली मांडवात लावली, तिच्यावर सतरंजी टाकली. पल्लवी आणि राहुल ट्रॉलीत चढले. बौद्धाचार्यांना दोघांनी हात देऊन वर घेतलं. त्यांनी आधी विचारलं, “फोन?” आबांनी टोपली फिरवली आणि सगळ्यांचे फोन तिच्यात गोळा केले. माझा तर दोन बोटांनी उचलला, मेलेल्या उंदरासारखा. मग वंदना पुन्हा पहिल्यापासून झाली, पूर्ण शांततेत, आणि पोरीच्या बोटात अंगठी गेली. टाळ्या वाजल्या. खाली पाण्यात उभं राहून मी सगळ्यात जोरात वाजवल्या. मला ट्रॉलीत घेतलं नव्हतं.

गुलाबजाम चांगले झाले होते. पाक थोडा पातळ होता, पण विषय कुणी काढला नाही.

नंतर दादा त्याच ट्रॅक्टरनं पाहुण्यांच्या गाड्या ओढून काढत होता, तेव्हा मी हळूच सुनंदाला म्हणालो, “एका अर्थानं बरंच झालं. पाणी आलं नसतं तर गाड्या रुतल्या नसत्या, गाड्या रुतल्या नसत्या तर गुरुजी गेले असते. म्हणजे बघ, तंत्रज्ञानानंच सोयरीक वाचवली.”

“अहो,” ती म्हणाली, “हे त्यांच्यासमोर बोलू नका. अजून एकच गाडी निघालीय.”

तेवढ्यात आबा गुरुजींना निरोप द्यायला पुढं गेले. दोघं चिखलात समोरासमोर उभे. आबांनी हात जोडले. “पाव्हणं, झालं ते पोटात घाला. लग्नाला असं हुणार न्हाय. हितंच दारात ह्याच्यापरास मोठा मांडव घालतो, मास्तरला चार दिवस आधी रजा घ्याया लावतो, फोन काढून घेतो. मग लग्न आमच्याकडंच धरायचं न्हवं?”

गुरुजींनी एका हातानं गाडीचा दरवाजा धरला, दुसऱ्या हातानं पँटीचा पाय पिळला. पिळून निघालेल्या पाण्याकडं थोडा वेळ बघितलं. मग माझ्याकडं बघितलं.

“लग्न लोणीत करू,” ते म्हणाले. “आमच्याकडं पाणी न्हाय.”